झेल्फा आत्याचं बावीस बोरचं

झेल्फा आत्या मंगळवारी गेली आणि गुरुवारी तिला पुरलं. मधल्या दोन दिवसांत मी आणि माझा चुलतभाऊ क्लोविस, दोघंही भरपूर रडलो. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं रडणं आत्यासाठी होतं आणि निम्मं तिच्या रिव्हॉल्व्हरसाठी. ते आमच्यापैकी कोणाला मिळणार हे तोवर कळलं नव्हतं, आणि अशा वेळी माणसाला सलग शोक करता येत नाही.

रिव्हॉल्व्हर बावीस बोरचं. गोळी मटाराच्या दाण्याहून बारीक. आमच्या टर्नबो खोऱ्यात घरोघरी केरसुणी असते तशी बंदूक असते, आणि मोठ्या बोरचे शौकीनही पुष्कळ आहेत. आमच्या पोस्टमास्तरकडे चव्वेचाळीसचं धूड आहे. तो एक गोळी झाडतो, मग टोपी शोधतो, मग चष्मा, आणि संध्याकाळपर्यंत लोकांना "काय म्हणालात?" विचारत फिरतो. पदरचे पैसे देऊन गाढवाची लाथ खायची ही हौस मला कधी कळली नाही.

बावीसचं तसं नाही. अंगठ्याने घोडा मागे ओढला की टिक, टिक, टिक, टिक असे चार आवाज होतात. पोटातली सहा भोकांची चक्री एक घर पुढे सरकते. चाप दाबला की ओली शेंग मोडावी तेवढाच आवाज. हाताला धक्का नाही, कानाला इजा नाही, आणि वीस पावलांवरचा टोमॅटोचा डबा कोणीतरी चिमटा काढल्यासारखा उडी मारतो. पन्नास काडतुसांची डबी संपेपर्यंत माणूस बायको, सरकार आणि दाढदुखी तिन्ही विसरतो. माझ्याकडे तशी पाच होती. पण आत्याचं होतं ते आत्याचं. तिच्या अंगठ्याने त्याच्या घोड्यावरच्या रेघा झिजून गेल्या होत्या आणि अक्रोडाच्या मुठीला तिच्या तळव्याचा खळगा पडला होता. बटाटासुद्धा नीट धरता न येणाऱ्या माणसाने ते हातात घेतलं तरी ते आपोआप नेमाकडे वळायचं.

आत्याने लग्न केलं नाही. विचारायला दोघे आले होते, पण दोघांनाही तिने आधी डब्यांवर नेम धरायला लावला. तिच्या नेमाबद्दल मी थोडंच सांगतो, कारण जास्त सांगितलं की लोक खुर्ची मागे सरकवतात. झोपलेल्या कुत्र्याच्या कानावरची गोचीड तिने उडवली आणि कुत्रा फक्त कूस बदलून पुन्हा झोपला, हे मी स्वतः पाहिलं आहे. जुन्या पाद्रीचं प्रवचन बारा वाजून गेले तरी थांबेना, की ती घरच्या ओसरीत बसून दोन फर्लांगांवरच्या चर्चच्या घंटेवर एक गोळी हाणायची. टण् झालं की लोक "आमेन" म्हणून उठायचे. पाद्रीला वाटायचं देवाने इशारा दिला. आम्हालाही तसंच वाटायचं, फक्त आम्हाला देवाचा पत्ता माहीत होता.

मला आणि क्लोविसला तिनेच शिकवलं. दिवसभर लाकडं फोडून दिली की संध्याकाळी प्रत्येकी पाच काडतुसं मिळायची. पाचच, कारण घोड्याखालचं सहावं घर आमच्याकडे रिकामं ठेवतात. सहाही भरणारे लोक आमच्या खोऱ्यात आहेत, ते लंगडत चालतात. तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षांचा होतो तेव्हापासून, ते रिव्हॉल्व्हर आपलं व्हावं असं मला वाटत होतं. क्लोविसलाही वाटत होतं, पण तो माझ्याहून एक वर्षाने मोठा, म्हणजे एक वर्ष जास्त. आत्या गेली तेव्हा मी एकोणपन्नासचा होतो आणि तो पन्नासचा. मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या, हाव मात्र अजून तशीच काळीभोर.

दफन झाल्यावर तिच्याच अंगणात जेवण होतं. कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव, मसाला भरलेली अंडी. चाळीसेक माणसं असतील. नवा पाद्री लायमन मेम्फिसहून आलेला, तिशीतला, हाताचे तळवे लोण्यासारखे. त्याने खिशातून कागद काढला आणि आत्याचं मृत्युपत्र वाचलं.

"घर विकून दोघा पुतण्यांनी वाटून घ्यावं. कोंबड्या हॉबर्टच्या ओनीटाला, कारण त्या घरात काम करणारी ती एकटीच आहे."

माझी बायको ओनीटा भांडी आवरता आवरता म्हणाली, "देव तिचं भलं करो."

"रिव्हॉल्व्हर वाटून घेता येत नाही. म्हणून माझ्या दफनाचं जेवण झालं की कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी खारी बिस्किटं लावावीत. पंधरा पावलांवरून दोघांनी पाच-पाच गोळ्या झाडाव्यात. जो जास्त फोडेल त्याचं. भरण्याचं काम पाद्रीने करावं, कारण ही दोन्ही पोरं मी लहानपणापासून ओळखते. कोणी लबाडी केली तर रिव्हॉल्व्हर चर्चला द्यावं. चर्चने ते विकून छपरावर पत्रे घालावेत."

पत्र्यांच्या वाक्याशी लायमन जरा थांबला आणि आम्हा दोघांकडे फार आशेने पाहू लागला.

क्लोविस माझ्या कानाशी म्हणाला, "आतापासून निरोप घेऊन ठेव हॉबर्ट. नंतर रडताना तू फार कुरूप दिसतोस."

"तू आधी चष्मा पूस. मागच्या वर्षी खार समजून तू पोस्टमास्तरच्या टोपीवर गोळी घातलीस."

"टोपी खारीचीच होती. माझा नेम बरोबर होता, तिचा मालक चुकला."

दोरीवर दहा बिस्किटं लागली. लायमनने एका जुन्या लोकरी मोज्यातून रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं. आत्या ते कायम मोज्यातच ठेवायची. त्याने मोजा कोटाच्या खिशात कोंबला आणि आमच्याकडे पाठ करून, जीभ बाहेर काढून, एकेक काडतूस चक्रीत घातलं. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. मृत्युपत्राचा मान म्हणून आम्ही दहा पावलं लांब उभे होतो.

चिठ्ठीत क्लोविसचं नाव आधी निघालं. तो रेघेवर उभा राहिला, पोट आत घेतलं, घोडा ओढला. टिक, टिक, टिक, टिक. टच्. पहिलं बिस्किट जागच्या जागी. टच्. दुसरंही. तिसऱ्या गोळीने आत्याची एक उशीची खोळ गेली, ती सहा हात बाजूला वाळत होती. चौथ्या गोळीने चुकून एक बिस्किट फुटलं, आणि चुकून म्हणतो कारण क्लोविसनेच दचकून इकडेतिकडे पाहिलं. पाचवी कुठे गेली ते अजून कोणाला माहीत नाही.

एक बिस्किट. ज्या माणसाने जन्मभर पत्त्यांतल्या उभ्या पानाची कड गोळीने चिरली, त्याचं एक बिस्किट. क्लोविसचा चेहरा पाहून मला इतका आनंद झाला की पुन्हा आत्याची आठवण काढून तो लपवावा लागला.

लायमनने रिव्हॉल्व्हर परत घेतलं आणि नळीखालच्या दांडीने रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलायला लागला. पुंगळ्या निघेनात. त्याने दांडी जोराने दाबली, मग दातओठ खाल्ले.

"बंधू हॉबर्ट," तो हळूच म्हणाला, "हे असं अडकतं का?"

"द्या इकडे, पाद्रीबाबा. तुमचे हात प्रार्थनेसाठी ठेवा."

मी पुंगळ्या काढल्या. पहिली हातात आली आणि मी ती उजेडात धरली. पुंगळी बुडाशी बारीक आणि वर टम्म फुगलेली, एका बाजूला चिरलेली. दुसरीही तशीच.

आता हे समजून घ्या. अशा रिव्हॉल्व्हरबरोबर दोन चक्र्या येतात. एक साध्या बावीसची, एक मॅग्नमची. एक खीळ ओढली की एक चक्री निघते आणि दुसरी बसते. मॅग्नमचं काडतूस लांब आणि अंगाने जाड. त्याच्या चक्रीत साधं काडतूस घातलं तर ते उडतं खरं, पण थोरल्या भावाचा सदरा घातलेल्या धाकट्यासारखं आत डुलत राहतं. पुंगळी फुगते आणि गोळी वाटेल तिकडे जाते. आत्या शेवटच्या आठवड्यात कोंबड्या पळवणाऱ्या कोल्ह्याच्या मागावर होती. मॅग्नमची चक्री आत तशीच राहून गेली, आणि मेम्फिसच्या माणसाने त्यात साधी काडतुसं भरली. खोऱ्यातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. पण खोऱ्यातल्या पोराला आत्याने हात लावू दिला नव्हता.

म्हणजे क्लोविस चुकला नव्हता. चक्री चुकली होती.

हे मोठ्याने सांगणं माझं कर्तव्य होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात क्लोविस मागून म्हणाला, "आता तुझी फजिती बघायला खुर्ची आणतो," आणि माझं तोंड आपोआप मिटलं.

"पाद्रीबाबा," मी म्हणालो, "फार काजळी धरली आहे. तो मोजा द्या, पुसून देतो. मग तुम्हीच भरा."

मोजा हातात घेतला. बोटांच्या टोकाशी काहीतरी जड, गोल लागलं. आत्या दुसरी चक्री दुसरीकडे ठेवणार तरी कुठे? मी अक्रोडाच्या झाडाकडे तोंड केलं, खोकल्याची उबळ आली असं दाखवलं, खीळ ओढली, चक्री बदलली, खीळ बसवली. आठ सेकंद. नऊ असतील, एकदा मला खरंच खोकला आला. ही लबाडी झाली का? मी त्यावर खूप विचार केला आहे. आत्याने लिहिलं होतं की भरण्याचं काम पाद्रीने करावं. भरलं पाद्रीनेच. चक्री कोणी बसवावी याबद्दल तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं.

लायमनने पाच काडतुसं घातली. ती या वेळी आत कशी गुपचूप जाऊन बसली, हे त्या भल्या माणसाच्या लक्षातही आलं नाही. फुगलेल्या पुंगळ्या त्याने गवतात टाकून दिल्या.

मी रेघेवर उभा राहिलो. टिक, टिक, टिक, टिक. नळीच्या टोकाचा नेमाचा दाणा बिस्किटाच्या मधल्या भोकावर आला आणि तिथेच थांबला, आपलं घर ओळखलेल्या गाईसारखा. टच्. पीठ. टच्. पीठ. चौथ्या बिस्किटाच्या वेळी वारा आला आणि बिस्किट हललं, तर मीही त्याच्याबरोबर हललो. पाचवं फुटलं तेव्हा कोंबड्या खाली चुरा वेचत होत्या आणि पोस्टमास्तर "काय झालं? काय झालं?" विचारत होता.

"पाच," लायमन म्हणाला. पत्रे गेल्याचं दुःख त्याच्या आवाजात होतं. "रिव्हॉल्व्हर बंधू हॉबर्टचं."

क्लोविस माझ्याजवळ आला. मला वाटलं आता मारतो. पण त्याने हात पुढे केला. "जिंकलास बाबा. एकदा हातात घेऊ दे. माझीही आत्या होती ती."

नाही कसं म्हणणार? मोजा आणि रिव्हॉल्व्हर घेऊन तो अक्रोडाच्या झाडाकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी जाऊन पाठीवर हातसुद्धा फिरवला. थोड्या वेळाने त्याने ते नीट मोज्यात घालून मला परत दिलं आणि मक्याचा पाव खात खात निघून गेला.

घरी गेल्या गेल्या मी ओनीटाला म्हणालो, "बस इथे. आज तुला खरी वस्तू दाखवतो." मोज्यातून रिव्हॉल्व्हर काढलं. पोटात चक्रीच्या जागी मक्याच्या पावाचा तुकडा बसवला होता. चांगला दाबून, कडा बोटाने सारख्या करून.

ओनीटाने तो बोटाने टोकरून पाहिला. "माझ्या हातचा आहे," ती म्हणाली. "क्लोविसची मर्टल साखर जास्त घालते."

"अगं, चक्री गेली."

"तू काय केलं होतंस?"

"मी कुठे काय केलं?"

"हॉबर्ट, तुझ्याशी लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली. तुला अंगणात खोकला कधी येतो ते मला माहीत आहे."

मोज्याच्या टोकाशी मॅग्नमची चक्री मात्र क्लोविसने तशीच ठेवली होती. म्हटलं, ठीक आहे, बावीसच ना तीही. मॅग्नमची काडतुसं आणली. पहिल्या गोळीला कुत्रा घराखाली गेला आणि रविवारपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या गोळीला ओनीटाची चुलीवरची कढई खाली आली. डब्याने उडी मारली नाही, त्याच्या चिंध्या झाल्या. यात काय गंमत? डबा परत उभा करायचा, पुन्हा पाडायचा, त्याला शिव्या द्यायच्या, त्याच्याशी ओळख वाढवायची, यात सगळा जीव असतो. मॅग्नमने डब्याशी बोलणंच होत नाही. दुसरी साधी चक्री रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या कंपनीकडून मागवली, ती या रिव्हॉल्व्हरात अर्धी फिरायची आणि अडायची. अशी चक्री ज्या त्या रिव्हॉल्व्हरला घासून बसवतात. त्यांनी कळवलं, रिव्हॉल्व्हर पाठवून द्या, तीन महिन्यांत बसवून देऊ. तीन महिने ते परक्यांच्या हातात द्यायचं? मी पत्र फाडलं.

सहाव्या दिवशी मी क्लोविसच्या दारात गेलो. तो ओसरीत बसून शेंगा सोलत होता.

"ये," तो म्हणाला. "खोकला कसा आहे?"

"चक्री दे."

"कसली?"

"क्लोविस, ती चोरी आहे."

त्याने खिशातून एक फुगलेली पुंगळी काढून रेलिंगवर ठेवली. "तू पीठ पाडत होतास ना, तेव्हा गवतात ही सापडली. बेडूक गिळलेल्या सापासारखी दिसते, नाही?"

मी ती पुंगळी उचलून उलटीसुलटी केली.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो तर काय? लायमनने ते विकून पत्रे घातले असते. आणि आपण दोघं दर रविवारी त्या पत्र्यांखाली बसून वर बघत राहिलो असतो." त्याने एक शेंग तोंडात टाकली. "रिव्हॉल्व्हर तुझं. सगळ्या गावासमोर जिंकलंस. ठेव घरी, तेलपाणी कर, उशाखाली घेऊन झोप. चक्री माझ्या खिशात राहील. उडवायची हुक्की आली की ये."

"हा काय न्याय झाला?"

"न्याय हवा असेल तर लायमनकडे जाऊ. तो आपल्या दोघांपेक्षाही खूश होईल."

मी पायरीवर बसलो. आत रागाने जळत होतो, पण खोटं कशाला सांगू, रागाबरोबर हात शिवशिवतही होते. मोजा माझ्या कोटातच होता. त्याला तो दिसत होता.

"बिस्किटं आहेत का घरात?" मी विचारलं.

"मर्टलने काल दोन पुडे आणलेत."

त्याच्या परसात दोरी होतीच. क्लोविसने सदऱ्याच्या खिशातून चक्री काढली. तिला तंबाखूचा चुरा चिकटला होता. फुंकर मारून त्याने ती माझ्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसवली, मी खीळ लावली. आधी मी. चार फोडली, पाचवं कडेला लागून फिरलं. मग तो. पाचही पीठ. चिमटेसुद्धा हलले नाहीत.

त्याने रिकाम्या पुंगळ्या काढायला घेतल्या. मीच म्हणालो, "म्हणजे त्या दिवशी सरळ झालं असतं तर ते तुझं होतं."

"होतं."

"आणि मग मी येऊन चक्री चोरली असती."

"तू पाव कोंबला नसतास, कच्चं अंडं कोंबलं असतंस," तो म्हणाला. "भर. दुसरा पुडा उघडतो."

याला आता एकतीस वर्षं झाली. दर रविवारी चर्च सुटलं की मी मोजा घेऊन येतो, तो खिसा घेऊन येतो. भांडलो तर आठवडाभर रिव्हॉल्व्हर रिकाम्या पोटी माझ्या घरी आणि चक्री एकटी त्याच्याकडे. सगळ्यात लांब भांडण सतरा दिवस चाललं. अठराव्या दिवशी दोघंही एकाच वेळी घरून निघालो आणि ओढ्यावर समोरासमोर आलो. कोणीच कोणाची माफी मागितली नाही. लायमन आता म्हातारा झाला आहे, चर्चचं छप्पर गळतं, आणि तो आम्हा दोघांना एकत्र पाहून अजून विचारतो, "तुमचं एवढं कसं काय पटतं?" आम्ही म्हणतो, आत्याची शिकवण.

गेल्या रविवारी क्लोविस दमून खुर्चीवर बसला. एक्याऐंशीचा झाला आहे. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. त्याने मर्टलला सांगून ठेवलंय म्हणे, मी मेलो की हाच सदरा घालून, खिशाची गुंडी लावून मला पुरायचं. मर्टल त्या सदऱ्याला रोज इस्त्री करते, हे मला बिलकुल आवडलेलं नाही.

मी जवळ जाऊन विचारलं, "बरं वाटतंय ना रे?"

त्याने हात उचलून खिशावर ठेवला. "माझी चौकशी करतोयस की हिची?"

"दोघांची," मी म्हणालो, आणि दोरीला बिस्किटं लावायला गेलो.